गुत्ता, अड्डा, परमिट रूम, पब : मुंबईतील मद्यपानस्थळांची नावे आणि साहित्याचे वाचन

महानगरीय साहित्याच्या अभ्यासात स्थळांचा विचार आता रुळलेला आहे. चाळ, गिरणी, लोकलचा डबा, इराण्याचे हॉटेल, झोपडपट्टी या स्थळांनी मराठी कथा-कादंबरीला काय दिले, याची चर्चा समीक्षेने वेळोवेळी केली आहे. त्या मानाने मद्यपानाच्या जागा दुर्लक्षित राहिल्या. त्या आल्या तरी पात्राच्या अधःपतनाची खूण म्हणून किंवा वातावरणनिर्मितीचे साधन म्हणून आल्या. प्रस्तुत लेखात मुंबईतील या जागांच्या स्थित्यंतराचा विचार त्यांच्या नावांच्या आधारे करावयाचा आहे. गुत्ता, अड्डा, परमिट रूम, लेडीज बार आणि पब हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. त्यांतील प्रत्येक शब्द कायद्याच्या आणि जमिनीच्या एका विशिष्ट व्यवस्थेतून जन्मला किंवा तिच्यामुळे रुजला. साहित्यकृतीत तो शब्द येतो तेव्हा ती व्यवस्थाही सोबत येते. अनुवादात मात्र या सर्वांचा ‘बार’ होतो आणि इतिहास गळून पडतो.

१. गुत्ता : मक्त्याची स्मृती

‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ दारूचे दुकान असा नाही. मक्ता, इजारा, एखादी वस्तू विकण्याचा ठेक्याने मिळालेला अधिकार हा त्याचा जुना अर्थ. दारूविक्रीचा अधिकार सरकार मक्त्याने देत असे, म्हणून ज्या जागी तो अधिकार बजावला जाई ती जागाच गुत्ता झाली. मराठी माणूस दारूच्या दुकानाला ज्या नावाने ओळखत आला, ते नाव पेयाचे नाही, पिणाऱ्याचेही नाही. ते महसुलाचे आहे.

ही व्यवस्था १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने घट्ट केली. त्यापूर्वी कोकणपट्टीत ताडी-माडी काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. झाडावरील कर वाढला, गाळप मोठ्या भट्ट्यांकडे केंद्रित झाले आणि उरणसारख्या ठिकाणच्या भट्ट्यांची मोहाची दारू मुंबईत येऊ लागली. झाडाखाली किंवा घराच्या ओसरीवर चालणारे पिणे दुकानाच्या चार भिंतींत आले.

मध्यमवर्गाची जागा वेगळी होती. राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर १९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ या नाटकात तळीराम आणि त्याचे सोबती जमतात ते ‘आर्य मदिरा मंडळा’त. हे नाव विनोदासाठी योजले आहे, पण त्याची रचना पाहण्याजोगी आहे. ‘आर्य’ आणि ‘मंडळ’ हे दोन्ही शब्द सुधारणेच्या आणि सभासंस्थांच्या युगाचे आहेत. गुत्त्यावर जाणे ज्याला शोभत नाही तो वर्ग आपल्या पिण्याला संस्थेचे रूप देतो, हे गडकऱ्यांनी एका नावात पकडले. गुत्ता आणि मंडळ ही वर्गीय विभागणी दारूबंदीपूर्वीच पूर्ण झाली होती.

२. अड्डा : घराचे दुकान

प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. त्याच वर्षाअखेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने तो प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. या कायद्यातील काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९५१मध्ये बलसारा खटल्यात रद्द ठरविल्या. तथापि मूळ चौकट टिकली.

दारूबंदीने पिणे थांबले नाही, त्याची जागा बदलली. पाटी असलेले दुकान गेले आणि पाटी नसलेले घर आले. हातभट्टी खाडीकाठी आणि झोपडवस्तीत लागे; तेथील माल शहरातील खोल्याखोल्यांत पोचे. या व्यवसायावर टोळ्या उभ्या राहिल्या; वरदराजन मुदलियार याच्या साम्राज्याचा पाया हातभट्टीच्याच धंद्यात होता. परंतु साहित्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरते ती या साखळीच्या शेवटच्या टोकाची व्यक्ती, म्हणजे ‘आंटी’. वांद्रे, माझगाव, धारावी अशा भागांत अनेक ख्रिस्ती स्त्रिया, त्यांत गोव्याकडच्या बऱ्याच, आपल्या राहत्या खोलीत दोन बाके टाकून दारू विकत. गोवा १९६१पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता व तेथे दारूबंदी नव्हती. फेणी गाळण्याचे आणि ताव्हेर्न चालविण्याचे ज्ञान या कुटुंबांना घरचेच होते.

मद्यपानाच्या जागेला नात्याच्या शब्दाने ओळखावे, ही घटना लक्षणीय आहे. ‘आंटीकडे जाणे’ या प्रयोगात घर, स्त्री आणि बेकायदा व्यवहार एकत्र येतात. दारूबंदीने दुकान घरात ढकलले, म्हणून घर चालविणारी स्त्री दुकानाची मालकीण झाली. मुंबईच्या मद्यपानस्थळांच्या इतिहासात स्त्री गल्ल्यावर बसली ती मुख्यतः याच काळात. तिला पोलिसांचा हप्ता द्यावा लागे, धाडीत माल ओतला जाई, हे खरे. तरी ‘उठा आता’ असे गिऱ्हाइकाला सांगण्याचा अधिकार तिच्याकडे होता.

येथे ‘अड्डा’ या शब्दाकडे तुलनाकारांचे लक्ष वेधावेसे वाटते. बंगालीत ‘आड्डा’ म्हणजे रंगलेल्या गप्पांची बैठक. सुशिक्षित बंगाली समाजाला तिचा अभिमान आहे. मराठीत रिक्षाचा अड्डा असतो, जुगाराचा असतो आणि दारूचा असतो. एकाच शब्दाला एका भाषेत संस्कृतीची प्रतिष्ठा मिळाली, दुसऱ्या भाषेत पोलिसी नोंदीचा वास लागला. बंगाली वाचकाला मराठी ‘अड्डा’ तसाच दिला, तर मूळ मजकुरातील भय नाहीसे होऊन तेथे जिव्हाळा उगवेल. गंमत अशी की तो अगदीच चुकीचाही ठरणार नाही, कारण मराठी अड्ड्यावरही माणसे बोलतच बसत. मराठीत पिण्यासाठी रूढ झालेले क्रियापदच ‘बसणे’ आहे. ‘आज बसायचे का?’ या प्रश्नात मद्याचा उल्लेख नसतो, संगतीचा असतो.

साठोत्तरी मराठी गद्य-पद्य या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचले पाहिजे. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी १९६३मधील, भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५मधील. म्हणजे हे लेखन कायद्याने कोरड्या असलेल्या किंवा नुकत्याच सैल होऊ लागलेल्या शहरात झाले. त्या लेखनातील दारूला आपण आज ‘व्यसन’ या एकाच सदरात टाकतो. तेव्हा ती गुन्हाही होती. पिणारे प्रत्येक पात्र कायदा मोडीत होते, ही साधी गोष्ट आजच्या वाचनातून निसटते. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२मध्ये विजय तेंडुलकर यांच्या प्रस्तावनेसह आला. तेव्हा मध्यमवर्गीय वाचकाला अडले ते कवितेच्या आशयाइतकेच तिच्या शब्दांपाशी, कारण त्या वस्तीतील व्यवहारांची नावेच त्याच्या मराठीत नव्हती.

३. परमिट रूम : बंदीच्या पोटातील परवाना

१९६०मध्ये द्विभाषिक राज्याचे विभाजन झाले. गुजरातने दारूबंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने ती साठच्या दशकापासून क्रमाने शिथिल केली आणि १९७३च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक विक्री मार्गी लागली. मात्र मूळ अधिनियम रद्द झाला नाही. आज तो ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने अस्तित्वात आहे. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, ही त्याची तर्कपद्धती टिकून आहे. विक्रेत्याला परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही, ही तरतूद आजही कागदावर आहे. सुरुवातीच्या काळात तर आरोग्याच्या कारणाने परवाना मागावा लागे. म्हणजे नागरिकाने आधी स्वतःला रुग्ण ठरवायचे आणि मग प्यायचे.

‘परमिट रूम’ हा शब्द या विसंगतीचे अपत्य आहे. इतरत्र जागेला बार म्हणतात. मुंबईच्या पाटीवर परवान्याचाच उल्लेख झाला. ‘गुत्ता’ या शब्दात शंभर वर्षांपूर्वी जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती होय. जागेचे नाव पुन्हा एकदा शासनाच्या अधिकारावरून पडले.

परवाना मिळवायचा तर गाळा हवा, भांडवल हवे, कचेरीत खेटे घालण्याची ताकद हवी. आंटीकडे यांपैकी काही नव्हते. या व्यवसायात दक्षिण कन्नडमधून आलेल्या शेट्टी मंडळींनी जम बसविला. उडुपी उपाहारगृहांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. अंधारी खोली, थंड हवा, चखण्याच्या बशा, क्वार्टरचा हिशेब. मालक तुळू बोलणारा, गिऱ्हाईक मराठी, वेटर कुठलाही. मुंबईच्या परमिट रूमचे साहित्य एकट्या मराठीत शोधता येणार नाही, ते याचमुळे. यशवंत चित्ताल यांची ‘शिकारी’ (१९७९) किंवा जयंत कायकिणी यांच्या मुंबईविषयक कथा कन्नडमध्ये लिहिल्या गेल्या; हे शहर त्या भाषेचेही आहे.

४. लेडीज बार : नाचण्याचा हक्क कोणाला?

ऐंशीच्या दशकात परमिट रूमच्या एका शाखेतून डान्स बार वाढले. स्त्री या जागेत परत आली, पण आता ती मालकीण नव्हती. मालक पुरुष, गिऱ्हाईक पुरुष आणि ती दोघांच्या मध्ये. ‘लेडीज बार’ या नावाची दिशाभूल अनुवादकाने ध्यानी घ्यावी : तो स्त्रियांसाठीचा बार नव्हे. ‘चांदनी बार’ हा चित्रपट (२००१) आणि सुकेतू मेहता यांचे ‘मॅक्सिमम सिटी’ (२००४) यांनी हे जग मराठीबाहेर पोचविले.

२००५मध्ये राज्य शासनाने मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून बारमधील नृत्यावर बंदी घातली. न्यायालयीन लढ्यात सुमारे ७५ हजार स्त्रियांच्या उपजीविकेचा उल्लेख झाला. या दुरुस्तीतील मर्मस्थान असे की, तीन तारांकित व त्यावरील हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना बंदीतून वगळले होते. तेच नृत्य एका छपराखाली अश्लील आणि दुसऱ्या छपराखाली करमणूक. उच्च न्यायालयाने २००६मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरविली. राज्याने पुन्हा कायदे केले. २०१६च्या कायद्यातील अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये रद्द केल्या. तोवर चौदा वर्षे उलटली होती आणि न्याय मिळाला तेव्हा बहुतेक जागा बंद झालेल्या होत्या.

गडकऱ्यांच्या नाटकातील गुत्ता आणि मंडळ यांचा भेद येथे अधिनियमाच्या भाषेत परत आलेला दिसतो. सुमारे नव्वद वर्षांच्या अंतराने आलेल्या एका नाट्यकृतीला आणि एका कायद्याला शेजारी ठेवून वाचण्याची ही संधी तुलनाकाराने दवडू नये.

५. पब : सार्वजनिक घराचा खासगीपणा

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव उतरणीला लागले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी खुल्या केल्या. या जमिनीचे तीन वाटे होऊन मोकळी जागा आणि परवडणारी घरे यांना हिस्सा मिळावा, अशी मूळ योजना होती. २००१च्या दुरुस्तीने वाटणी केवळ बांधकामविरहित जमिनीपुरती उरली आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. लोअर परळच्या आवारांत मॉल, कचेऱ्या आणि त्यांच्या पाठोपाठ पब आले. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील गिरणी कामगाराचे कुटुंब ज्या परिसरात मोडून पडते, त्याच परिसरात शहराचे नवे निशाजीवन उभे राहिले.

इंग्लंडमधील ‘पब’ हे ‘सार्वजनिक घर’ या अर्थाच्या शब्दाचे लघुरूप आहे. मुंबईत या शब्दाचा अर्थ उलटा झाला. आंटीची खोली खासगी घर होती, पण दारात येणाऱ्याला सहसा आत घेतले जाई. पब नावाने सार्वजनिक, पण पोशाख, प्रवेशशुल्क आणि दारावरचा रक्षक यांनी राखलेला. असे असले तरी एक बदल नोंदविलाच पाहिजे : येथे स्त्री प्रथमच मोठ्या संख्येने गिऱ्हाईक म्हणून बसली. तिचे हे बसणे निर्विवाद नव्हते. जानेवारी २००९मध्ये मंगळूरच्या पबमध्ये तरुणींवर झालेला हल्ला त्याची साक्ष देतो. दिल्लीत मद्यालयांत स्त्रियांना नोकरी नाकारणारी जुनी तरतूद रद्द होण्यासाठीही २००७ साल उजाडावे लागले.

जुनी नावे गेली म्हणून जुन्या जागा संपल्या, असा याचा अर्थ नव्हे. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील पबला लागलेल्या आगीत १४ जण गेले. तेथील अनधिकृत बांधकामाचा प्रश्न मग चर्चेला आला. अड्डा आणि पब एकाच शहरात, एकाच दशकात नांदत होते. दोन्हीकडे माणसे परवान्याच्या कागदाबाहेर बसली होती आणि त्याची किंमत त्यांनी जिवाने मोजली. जानेवारी २०२०मध्ये निवासी वस्तीबाहेरील दुकाने व उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याची मुभा मुंबईत दिली गेली, तेव्हाही मद्यविक्रीला मात्र वेळेची मर्यादा राहिली. १९४९ची सावली अशी लांबवर पडते.

६. तुलनेसाठी काही सूचना

उर्दू गझलेतील मैखाना आणि साकी ही फार्सी परंपरेतून आलेली प्रतीके आहेत. हरिवंशराय बच्चन यांच्या ‘मधुशाला’ने (१९३५) हिंदीला तशीच प्रतीकसृष्टी दिली. तेथे मद्यालय ही पंथभेद विसरायला लावणारी भावभूमी होते. मराठीत सुरेश भटांच्या गझलेने त्या परंपरेशी नाते जोडले, पण मराठी नाट्य-कादंबरीतील मद्यपानस्थळ प्रतीक होण्याआधी पत्ता असते. त्याला परवाना असतो किंवा नसतो, घरमालक असतो, हप्ता असतो. त्यामुळे ‘गुत्त्या’ला ‘मैखाना’ म्हणणे हा भाषांतरातील सौंदर्यदोष आहेच, शिवाय त्याने इतिहासही पुसला जातो.

म्हणून कोणत्याही भारतीय महानगराच्या साहित्यात मद्यपानाची जागा आली की तिला तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. पिण्याचा व विकण्याचा अधिकार कोणी, कोणाला दिला? जमीन कोणाची होती आणि आधी तेथे काय होते? आणि त्या खोलीत स्त्री कोठे होती : गल्ल्यावर, मजल्याच्या मध्यभागी, टेबलापाशी की दाराबाहेर? मुंबईपुरते पाहता या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक नावासरशी बदलली आहेत. कोलकाता, बंगळूर वा हैदराबाद येथील उत्तरे निराळी असतील. ती त्या त्या भाषांच्या अभ्यासकांनी मांडली, तर तुलनेला पक्की जमीन मिळेल. तोपर्यंत अनुवादकाने ‘गुत्ता’ हा शब्द गुत्ताच ठेवावा आणि वाचकाला त्यापाशी थोडे थांबू द्यावे.