ऑपरेशन योजनेतून, व्यायाम मात्र वाऱ्यावर!

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही, ही समाधानाची बाब आहे. 2017 पर्यंत कृत्रिम सांध्याच्या किमतीला कसलाच धरबंध नव्हता. नेहमीच्या वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यापोटी रुग्णाकडून दीड लाखाच्या घरात रक्कम उकळली जात होती. 16 ऑगस्ट 2017 रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत जीएसटी सोडून 54,720 रुपये अशी बांधून दिली. पुढे सप्टेंबर 2018 मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि तिच्या यादीत ही शस्त्रक्रियाही आली. ज्यांनी आयुष्यभर डोक्यावर विटा वाहिल्या, उकिडवे बसून भांडी घासली, रस्ते झाडले, त्यांच्या झिजलेल्या गुडघ्यांना निदान ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाता येऊ लागले.

पण टेबलावरून उतरल्यानंतर काय? आमचा सवाल नेमका इथे आहे.

सांधा बसवला म्हणजे पाय चालू लागला, असा आपल्या लोकांचा समज असतो. तो खरा नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यातच मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद साधारण निम्म्यावर येते. ती धातू परत आणून देत नाही, व्यायाम आणून देतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभे राहणे, घोटा वरखाली हलवणे, मांडी आवळून गुडघा गादीवर दाबणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे, पाय सरळ ठेवून उचलणे, एवढ्यापासून सुरुवात होते. खुर्चीतून धड उठायचे, जिना उतरायचा, तर गुडघा 90 अंशांच्या पुढे वाकला पाहिजे. तेवढेच महत्त्वाचे म्हणजे तो पूर्ण सरळ झाला पाहिजे. या कामाला दोन-तीन महिने लागतात. याच काळात सांधा आखडला आणि तसाच राहिला, तर पुन्हा भूल देऊन वाकवण्याची पाळी येते.

आमच्या ओळखीच्या एक ताई महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या आहेत. एका रुग्णालयात त्यांचे ऑपरेशन उत्तम झाले, टाके सुकले. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत दोन शब्द होते, त्यांचा अर्थ एवढाच की फिजिओथेरपी घ्या. कुठे घ्यायची, किती दिवस, काय करायचे, याचा पत्ता नाही. घरच्यांनी मायेपोटी गुडघ्याखाली उशी दिली. दुखणे कमी वाटले, आणि पाय वाकडाच राहू लागला. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यायची असते, गुडघ्याखाली नव्हे, हे सांगायला एक मिनिट पुरले असते. शेजारणीने तेल लावून पोटरी रगडली. नव्या शस्त्रक्रियेनंतर पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो, तेव्हा हे जिवावरचे काम आहे. सूज होती म्हणून गरम शेक दिला, तिथे बर्फ हवा होता. आणि वस्तीतले सार्वजनिक संडास उकिडवे बसण्याचे! प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून सुनेने सोय केली, तेव्हा कुठे भागले. कोणी म्हणेल, लोक अडाणी आहेत. आम्ही विचारतो, त्यांना सांगितले कोणी?

दुसऱ्या टोकाला खाजगीतला धंदा आहे. गुडघा आपोआप वाकवणारे यंत्र लावून दिवसाचे भाडे घेतले जाते. या यंत्राने रुग्णाला म्हणण्यासारखा फायदा होत नाही, असा निष्कर्ष अनेक चाचण्या एकत्र तपासून निघालेला आहे. गुंतागुंत नसलेल्या बहुतेक रुग्णांना नीट शिकवलेला घरचा व्यायाम आणि मधूनमधून जाणकाराची नजर एवढे पुरते. म्हणजे हा प्रश्न मोठ्या खर्चाचा नाहीच. तो पर्वा करण्याचा आहे.

आता योजनेचा कागद पाहा. आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरच्या खर्चाची मर्यादा 15 दिवसांची. गुडघ्याला लागतात बारा आठवडे. सोळाव्या दिवसापासून रिक्षाचे भाडे रुग्णाचे, फिजिओथेरपीची फी रुग्णाची आणि सोबत जाणाऱ्या सुनेची बुडालेली मजुरीही त्याच घराची. सांध्याचा खर्च पोटात घालणारी व्यवस्था दोन पानांच्या मराठी सूचनापत्रकाशी अडते, याला काय म्हणावे?

कायद्यात तरी काय आहे? दिव्यांग हक्क अधिनियम 2016 च्या कलम 27 मध्ये पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर आहे, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. ही शब्दरचना किती कामाची असते, ते आम्हा वकिलांना चांगले ठाऊक आहे. शिवाय हा कायदा माणूस दीर्घकाळ अपंग झाल्यावर त्याच्याकडे पाहतो. आखडू घातलेला गुडघा त्याला दिसत नाही.

त्यापेक्षा हाताशी असलेली एक तरतूद आमच्या कार्यकर्त्यांनी धरावी. 2010-11 मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर पुनर्वसन कार्यकर्त्याची तरतूद आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाऊन सेवा देण्याचीही आहे. आपल्या तालुक्यात हे पद मंजूर आहे काय, भरलेले आहे काय, गेल्या वर्षभरात त्याने किती घरी भेटी दिल्या, असे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा स्टँप लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.

आणि ज्यांच्या घरात असे ऑपरेशन ठरले आहे, त्यांनी तारीख घेतानाच विचारावे: व्यायाम कोण शिकवणार, तपासणी कोणत्या दिवशी, रात्री पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला तर फोन कोणाला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत रुग्णाला शिक्षण मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो तोंडी मागू नका. डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून घ्या, आणि घरी जाण्याआधी सगळे व्यायाम सुनेसमोर एकदा करून दाखवायला लावा.