क्रूझचं ब्रोशर आणि आपली पंचगंगा

शाहूपुरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका बँकेतून रिटायर झाले, त्याला दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात ते एक गुळगुळीत ब्रोशर घेऊन खाली आले. ‘तू मास कॉमवाली. जरा वाचून सांग, यात नक्की काय काय दाखवतात?’

ब्रोशर होतं डॅन्यूब नदीवरच्या क्रूझचं. आठ दिवस, चार देश, एक नदी. मागच्या पानावरचा आकडा लाखांतला. काकू पदराला हात पुसत मागोमाग आल्या आणि म्हणाल्या, ‘एवढं पैसं घालून नदीच बघायची, तर आपली पंचगंगा हाय की इथं!’

सगळे हसले, मीही हसले. पण नंतर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आधी ब्रोशरचा अभ्यास केला.

डॅन्यूब जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावते आणि सुमारे २,८५० किलोमीटर वाहत जाऊन काळ्या समुद्राला मिळते. वाटेत दहा देश लागतात. जगातली दुसरी कुठलीच नदी इतक्या देशांतून जात नाही. क्रूझ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रातलं दहा मजली जहाज येतं. इथलं प्रकरण वेगळं आहे. नदीवरची बोट लांबुळकी आणि बुटकी असते, कारण तिला पुलांखालून जायचं असतं. काही बोटींची तर कप्तानाची केबिनसुद्धा खाली सरकते. वाटेत धरणं आली की बोट ‘लॉक’मध्ये शिरते. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेला मोठा हौद. मागचं दार बंद होतं, पाणी सोडलं जातं, बोट हळूहळू खालच्या पातळीला येते आणि पुढचं दार उघडतं. बोट बरंचसं अंतर रात्री कापते आणि सकाळी उठावं तर खिडकीबाहेर नवं गाव. एअरपोर्ट नाही, टॅक्सी नाही. फळी टाकली की पाय थेट गावात.

आणि गावं तरी कशी! मेल्कला नदीकाठच्या कड्यावर पिवळाधमक मठ आहे, १०८९ पासून तिथं साधू राहतात. पुढं वाखाऊचं खोरं लागतं, द्राक्षमळ्यांचं आणि जर्दाळूच्या बागांचं. तिथल्याच ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यात क्रूसेडहून परतणाऱ्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२ च्या हिवाळ्यात डांबून ठेवलं होतं. मग व्हिएन्ना. मग ब्रातिस्लाव्हा, जिथं १५६३ पासून १८३० पर्यंत हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक व्हायचे. शेवटी बुडापेस्ट. एका काठावर बुडा, दुसऱ्या काठावर पेस्ट. मध्ये १८४९ चा चेन ब्रिज आणि १८७३ मध्ये दोन्ही मिळून एक शहर.

पण माझी नजर अडकली ती पहिल्याच थांब्यावर. पासाऊ. जर्मनीतलं छोटं शहर. इथं डॅन्यूबला एका बाजूनं इन आणि दुसऱ्या बाजूनं इल्झ येऊन मिळते. तीन नद्यांचा संगम! काकूंना हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, ‘म्हणजे प्रयाग चिखलीच की!’

गंमत पुढं आहे. या इन नदीच्या वरच्या अंगाला इन्सब्रुक नावाचं शहर आहे. नावाचा अर्थच ‘इनवरचा पूल’. १८७० च्या नोव्हेंबरमध्ये त्या शहरावरून एक कोल्हापूरकर इटलीकडे गेला होता. वय वर्षं २०. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

ते होते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम नव्हेत, हे शाहू महाराजांच्याही आधीचे. मे महिन्यात ते बोटीनं इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, शाळा, कारखाने, पार्लमेंट पाहिलं आणि रोज इंग्रजीत डायरी लिहिली. परतीच्या वेळी फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं होतं. त्यामुळे बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्स पर्वत ओलांडून इटली, असा मार्ग धरला. वाटेत तब्येत ढासळली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं.

त्या काळी इटलीत दहन म्हणजे न ऐकलेली गोष्ट. बरोबरच्या माणसांनी आग्रह धरला की अंत्यसंस्कार आपल्या रीतीप्रमाणं, नदीच्या संगमावर व्हायला हवेत. तिथल्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. आर्नो नदीला मुन्योने ही छोटी नदी जिथं मिळते, तिथं चिता रचली गेली. आज तिथं घुमटीखाली फेटा बांधलेल्या तरुण राजाचा अर्धपुतळा आहे. घुमटीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांच्या आराखड्यावर उभा राहिला, तेच हे मँट. जवळच १९७८ मध्ये झालेल्या पुलाचं नाव आहे ‘पोन्ते आल्लिंदियानो’. भारतीय माणसाचा पूल. महाराजांची डायरी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली.

परक्या मुलखात, इतक्या घाईगडबडीत, त्या माणसांनी शोधलं काय? संगम. कारण नदी म्हणजे काय, हे त्यांना घरूनच ठाऊक होतं.

आणि आम्हाला? खरं सांगू का, माझ्या पिढीला पंचगंगा माहीत आहे ती फुटांत. ‘राजाराम बंधाऱ्यावर किती?’ हा आमचा नदीबद्दलचा एकमेव प्रश्न. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ मध्ये मी दहावीत होते. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या गल्लीत शिरलं. मी, आई आणि आज्जी माळ्यावर बसून जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो. आणखी दोन बुडाल्या, आणखी एक बुडाली. २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर पावसाळ्यात नदी बघायला जावं असं मला कधी वाटलंच नाही. उन्हाळ्यात गेलं तर जलपर्णी, वास आणि कधी कधी मेलेले मासे.

पूर पासाऊलाही येतो. २०१३ मध्ये तिथं गेल्या पाचशे वर्षांतला सगळ्यात मोठा पूर आला होता. तिथल्या टाऊन हॉलच्या भिंतीवर प्रत्येक मोठ्या पुराची खूण आणि साल कोरलेलं आहे. ती खूण माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे. तरी शहरानं नदीकडं पाठ फिरवलेली नाही. डॅन्यूब काही आपोआप जपली गेली असंही नाही. काठच्या देशांनी १९९४ मध्ये तिच्या रक्षणासाठी करार केला. एका देशाची घाण दुसऱ्या देशाच्या दारात जाते, हे मान्य करावं लागलं, तेव्हा काम सुरू झालं. आपल्याकडे तर एकच जिल्हा आहे.

मग मी वहीत आपल्या नदीचं ब्रोशर काढून बघितलं. पहिला दिवस, प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. इथून पंचगंगा सुरू होते आणि सुमारे ८० किलोमीटर वाहते. दुसरा थांबा, ब्रह्मपुरीची टेकडी. १९४० च्या दशकात इथल्या उत्खननात पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. म्हणजे युरोपशी या नदीकाठचं नातं राजाराम महाराजांच्याही शेकडो वर्षं आधीचं. मग पंचगंगा घाट. पुढं इचलकरंजी. मग नरसोबाची वाडी, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. पलीकडं कुरुंदवाडचा घाट आणि संताजी घोरपड्यांची समाधी. कृष्णेवरून आणखी खाली गेलं की खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभं राहून वर बघायचं, मधोमध गोल मोकळं आकाश आणि भोवती ४८ खांब.

दोन संगम, एक उत्खनन, एका सेनापतीची समाधी, शिलाहारांचं मंदिर. ही यादी वाखाऊच्या खोऱ्यापुढं कुठं कमी पडते? कमी पडतं ते पाणी. त्यावरून पाहुण्यांना नेण्याची आपलीच तयारी नाही. आणि ही सगळी गावं नदीवरूनच बघायची म्हणून बांधलेली आहेत. घाटाच्या पायऱ्या पाण्याकडं उतरतात, रस्त्याकडं नाही. आपण मात्र गाडी लावून मागच्या दारानं आत शिरतो.

मागच्या रविवारी काका, काकू आणि मी सहा वाजता पंचगंगा घाटावर गेलो. २०२१ नंतर मी तिथं पहिल्यांदाच गेले. पाणी पायऱ्यांच्या बरंच खाली होतं. पोरं पोहत होती, एक आजोबा लहान मुलाला पाठीला डबा बांधून पोहायला शिकवत होते. काठावर प्लास्टिकचा ढीग होता, तोही बघितला. मी शेवटच्या पायरीपर्यंत उतरले आणि पाण्यात पाय घातले.

काकांचं बुकिंग अजून ठरलेलं नाही. परतताना काकूंनी विचारलं, ‘ते महाराजांचं फ्लॉरेन्स त्या बोटीत येतं काय?’

‘नाही काकू, ती नदी वेगळी. व्हिएन्नाहून ट्रेननं जावं लागेल.’

‘मग त्या माणसाला ते पण विचारा म्हणावं,’ काकू काकांकडं बघून म्हणाल्या. ‘आणि पुढच्या रविवारी खिद्रापूरला जायाचं. त्याला काय व्हिसा लागत नाही.’