स्लेड : एका आडनांवाची कुळकथा

गेल्या दिवाळीच्या सुटींत नातीला घेऊन सेवाग्रामास गेलों होतों. बापूकुटीपुढें उभे असतां तिनें विचारलें, "आजोबा, मीराबेनचें मूळ आडनांव स्लेड. पण स्लेड म्हणजे काय?" उभा जन्म मुलांना शब्दांची व्युत्पत्ति शिकविण्यांत घालविला, परंतु त्या दिवशीं उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन कोश काढून बसलों.

जुन्या इंग्रजींत 'स्लॅड' असा एक शब्द होता. सखल, ओलसर दरी हा त्याचा अर्थ. अशा जागीं ज्याचें घर, त्याला शेजारीपाजारी 'दरींतला' म्हणत. १०६६ सालीं नॉर्मनांनीं इंग्लंड जिंकल्यावर दप्तरांत लॅटिन व फ्रेंच भाषांचें प्रस्थ वाढलें, आणि कारकून तेंच 'द ला स्लेड' असें लिहूं लागले. लोकांच्या बोलींत 'ॲट स्लेड' असे. पुढें अव्यय झडलें व नाम तेवढें उरलें. (१९४५ सालीं इंग्लंडचे प्रधानमंत्री झालेले ॲटली यांच्या आडनांवांत मात्र तें अव्यय अजून चिकटून आहे : 'ॲट' आणि 'ली', म्हणजे कुरणापाशीं राहणारा.)

आपल्याकडे हें काम 'कर' हा प्रत्यय करतो. परंतु एक भेद आहे. आर्वींत राहणाऱ्यास आर्वीकर कोण म्हणणार? तो वर्ध्यास किंवा नागपुरास आला म्हणजे आर्वीकर होतो. आपलें नांव बहुधा सोडलेल्या गांवाचें; स्लेड हें राहत्या जागेचें.

अशा दऱ्या इंग्लंडांत ठिकठिकाणीं असल्यामुळें सारे स्लेड एका मूळपुरुषाचे वंशज नव्हेत. स्मिथ किंवा जोन्स यांच्याइतकें हें आडनांव सर्रास आढळत नाहीं. नैऋत्येकडील डेव्हन, सॉमरसेट या परगण्यांत तें विशेष. ग्लॉस्टर परगण्यांत स्ट्राउडजवळ स्लॅड नांवाचें खेडेंहि आहे. तेथून तें अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथें पसरलें. लंडनची प्रसिद्ध स्लेड कलाशाळा १८७१ सालीं निघाली, ती फेलिक्स स्लेड या संग्राहकाच्या मृत्युपत्रांतील देणगीमुळें.

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म १८९२ चा. वडील सर एडमंड स्लेड हे इंग्रजी आरमारांतील मोठे अधिकारी; १९०९ पासून पूर्व हिंद ताफ्याचे ते प्रमुख होते. त्यांची ही कन्या ७ नोव्हेंबर १९२५ रोजीं साबरमतीस आली आणि गांधीजींनीं तिचें नांव मीरा ठेवलें. आपल्या घरांतहि सुनेचें नवें नांव तांदळांत लिहितात. पण त्यामागोमाग सासरचें आडनांव व भरलें घर तिच्या वांट्यास येतें. येथें आडनांवाच्या जागीं 'बेन' एवढें नातें आलें. मला हा बदल अधिक कठीण वाटतो.

१९३६ सालीं गांधीजी सेगांवास राहावयास आले, त्याआधींच मीराबेन तेथें जाऊन राहिल्या होत्या. आज बापूकुटी म्हणून दाखवितात ती झोपडीहि प्रथम त्यांचीच. पुढें गांवाचेंहि नांव बदललें : टपाल वऱ्हाडांतील शेगांवास जाऊं लागलें, म्हणून १९४० सालीं सेगांवचें सेवाग्राम झालें. १९५९ सालीं मीराबेननीं हिंदुस्थान सोडला व १९८२ सालीं ऑस्ट्रियांत त्या निवर्तल्या.

हें सारें नातीला सांगितलें आणि म्हटलें, ओढूनताणून मराठी करावयाचेंच तर स्लेड म्हणजे दरेकर.

"मग मीराबेन दरेकर?"

"नव्हे. तें त्यांनीं साबरमतीसच ठेवून दिलें."