घर घेण्यापूर्वी परिसराची प्रकृती तपासा

‘घर पाहावे बांधून’ अशी आपली जुनी म्हण आहे. मुंबईच्या उपनगरांत स्वतः घर बांधण्याची सोय नसल्याने ‘घर पाहावे विकत घेऊन’ असेच म्हणावे लागते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला दोन खोल्यांची जागा घेताना सामान्य माणसाची आयुष्याची पुंजी संपते आणि वर वीस वर्षांचे कर्ज होते. भाव, कार्पेट एरिया, स्टेशनचे अंतर, सोसायटीची कागदपत्रे यांची चौकशी सगळेच करतात. त्या जागेत आपली प्रकृती कशी राहील, हा प्रश्न मात्र बहुधा राहायला गेल्यावर सुचतो. ‘नव्या जागेत आल्यापासून मुलाचा खोकला हटत नाही,’ असे सांगणाऱ्या पालकांना मी औषध देतो आणि विचारतो, ‘तुमच्या खिडकीसमोर काय आहे?’ पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

उजेड आणि वारा

गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाऊंड व नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींतील इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था व मुंबईची आयआयटी यांच्या, २०१८ मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात तेथे क्षयरोगाचे प्रमाण मोकळ्या रचनेच्या वसाहतीपेक्षा बरेच अधिक आढळले. कारण समजण्यासारखे आहे. रुग्णाच्या खोकल्यातून आलेले क्षयाचे जंतू कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. वारा खेळता असला की ते विरळ होतात आणि उन्हात मरतात. म्हणून जागा दुपारी दिवे बंद करून पाहा. स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचता आले पाहिजे. समोर मोकळा भूखंड असेल तर तेथे उद्या काय होणार, हे महापालिकेकडून ‘डी. पी. रिमार्क’ घेऊन तपासावे.

वास आणि धूर

एजंट जागा दाखवतो ती सायंकाळी चार-पाचला, समुद्रावरचा वारा सुटलेला असताना. हिवाळ्याच्या रात्री हा वारा पडतो किंवा उलट दिशेने वाहतो आणि धूर व दुर्गंधी जमिनीलगत साचतात. मुलुंडच्या डंपिंग ग्राऊंडवर कचरा टाकणे २०१८ मध्ये बंद झाले. परंतु कांजूरमार्गच्या कचराभूमीच्या वासाबद्दल विक्रोळी-भांडुपकडचे रहिवासी अनेक वर्षे तक्रार करीत आले आहेत. घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर रात्री दहानंतर आणि पहाटे अशा दोन फेऱ्या अवश्य माराव्यात.

पाणी आणि डास

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचा बळी घेतला. उंदरांच्या मूत्रातील हे जंतू तुंबलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. अंधेरीचा सबवे तर आजही जोराच्या पावसात बंद पडतो. म्हणून गल्लीत पाणी कुठवर चढते, हे वॉचमन, इस्त्रीवाला व तळमजल्याचे दुकानदार यांना विचारा. तळमजल्याच्या भिंतीवरची ओलीची रेघही पुष्कळ सांगून जाते.

गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण घट्ट बसते का, ते बघा. शहरी मलेरियाचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. शेजारी बांधकाम चालू असेल तर तेथील साचलेले पाणी डेंग्यूच्या डासालाही पुरते.

आवाज

घाटकोपर व अंधेरीचा काही भाग विमानांच्या मार्गाखाली येतो. गच्चीवर अर्धा तास थांबलात की अंदाज येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सतत मोडणाऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो, ही गोष्ट हृदयरोग्याच्या कुटुंबाने विसरू नये.

दवाखाना किती दूर?

घाटकोपरला राजावाडी, पार्ल्याला कूपर अशी महापालिकेची रुग्णालये आहेत. परंतु नकाशावरचे अंतर आणि संध्याकाळच्या गर्दीतला वेळ यांत फार फरक असतो. एकदा संध्याकाळी सातला रिक्षाने जाऊन घड्याळ लावा. हृदयविकाराच्या झटक्यात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका इमारतीच्या दारापर्यंत येईल एवढा रस्ता आहे का आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, हेही पाहून घ्या.

या चौकशीला पैसे फारसे पडत नाहीत, चार फेऱ्या तेवढ्या होतात. एक दुपारची, एक रात्रीची, एक पहाटेची आणि शक्य असल्यास एक भर पावसातली. टोकन देण्याची घाई कोणी कितीही केली, तरी या फेऱ्या आधी कराव्यात. शेवटच्या फेरीला घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर न्यावे. दिवसभर त्या घरात तेच राहणार असतात.