थायरॉईडचा स्नायूरोग आणि मेंदूचा एमआरआय

थायरॉईड ग्रंथी गळ्यात असते, पण तिच्या बिघाडाची झळ अनेकदा मांड्या-खांद्यांना लागते. उकिडवे बसल्यावर उठता येत नाही, जिना चढताना कठडा धरावा लागतो, केस विंचरताना हात भरून येतात. संप्रेरक कमी पडले की स्नायू जड आणि मंद होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, रक्तातला सीपीके (स्नायूंतला एन्झाइम) वाढतो. संप्रेरक जास्त झाले तर स्नायू झिजतात. सीपीके मात्र बहुधा प्रमाणातच राहतो. दोन्हीकडे दोष स्नायूत असतो. तरीही मेंदूचा एमआरआय काढण्याची वेळ येते, कारण अशक्तपणा मेंदूमुळेही येऊ शकतो.

सर्वांत फसवा प्रकार तरुण पुरुषांत दिसतो, आणि तो आशियाई वंशाच्या लोकांत अधिक आढळतो. थायरॉईडचे संप्रेरक जास्त झालेला तरुण रात्री भरपेट भात किंवा गोडधोड खाऊन झोपतो आणि पहाटे त्याचे दोन्ही पाय हलत नाहीत. घरचे ‘लकवा मारला’ म्हणतात. पण शुद्ध पूर्ण असते, बोलणे स्पष्ट असते, स्पर्श कळतो आणि मेंदूच्या चित्रात काही सापडत नाही. रक्तातले पोटॅशियम स्नायूंच्या पेशींत ओढले गेलेले असते. ते जपून दिले की काही तासांत ताकद परत येते. जादा दिले तर हृदयाला धोका असतो, म्हणून हा उपचार रुग्णालयातच व्हायला हवा.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र चित्र बरेच सांगून जाते. थायरॉईडला अतिसक्रिय करणाऱ्या ग्रेव्हज आजारात डोळा हलवणारे स्नायू सुजतात, बहुतेक वेळा आधी खालचा, मग नाकाकडचा. स्नायूचा मधला भाग फुगतो आणि डोळ्याला चिकटणारा कंडरा बारीकच राहतो, ही खूण रेडिओलॉजिस्ट मुद्दाम शोधतात. चरबीचा उजळपणा दाबून घेतलेल्या एमआरआयमध्ये ताजी सूज उजळ दिसते, जुना कडकपणा तसा उजळ दिसत नाही. उपचार कोणता द्यायचा, हे त्यावरूनही ठरते. खोबणीच्या टोकाशी सुजलेल्या स्नायूंनी दृष्टिनाडी दाबली असेल तर दिरंगाई चालत नाही.

सर्वांत मोठी गफलत पीयूषिका ग्रंथीबाबत होते. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी असणारी ही ग्रंथी थायरॉईडला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक बनवते. थायरॉईड दीर्घकाळ मंद राहिली की तिला जागे करण्यासाठी टीएसएच बनवणाऱ्या पेशी वाढत जातात आणि पीयूषिका फुगते. एमआरआयमध्ये ती हुबेहूब गाठीसारखी दिसते. सोबत प्रोलॅक्टिनही वाढू शकते, त्यामुळे संशय आणखी पक्का होतो. अशा सुजेवर शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि ही टाळता येणारी हानी आहे. लेव्होथायरॉक्सिनची गोळी नियमित घेतल्यावर बहुतेकांची पीयूषिका काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आक्रसते. दुसऱ्या एमआरआयमध्ये ‘गाठ’ उरलेलीच नसते.

एमआरआय रचना दाखवतो, पेट स्कॅन मेंदूचे कामकाज. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायरॉईड काढलेल्या रुग्णांना संप्रेरकाच्या कमतरतेच्या काळात तपासले गेले. त्यांच्या मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे 23 टक्क्यांनी आणि ग्लुकोजचा वापर सुमारे 12 टक्क्यांनी घटलेला होता. ही घट एका कोपऱ्यात नव्हती, सगळ्या मेंदूभर होती. सुस्ती आणि विसराळूपणा हे रुग्णाच्या मनाचे खेळ नाहीत, याचा हा भक्कम पुरावा. भारतातील पहिला पेट स्कॅनर 2002 मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था 1963 पासून चालते आणि किरणोत्सारी आयोडीनने थायरॉईडचे उपचार करण्यासाठी देशभर ओळखली जाते.

निदानासाठी मात्र परळ गाठण्याची गरज नसते. टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी आहे. छत्रपती संभाजीनगरमधील चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘मिनी घाटी’, असो की गावातला दवाखाना, मांड्या-खांद्यांची ताकद गेलेल्या रुग्णाने टीएसएच आणि सीपीके तपासून घ्यावे. एमआरआयला जाताना ते अहवाल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी, आणि चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.