‘सिन्स’ आणि ‘फॉर’ : एका ‘पासून’चे दोन अर्थ

रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिताना विद्यार्थी पुष्कळदा ‘आय ॲम इल सिन्स टू डेज’ असे लिहितो. शिक्षक तांबडी रेघ ओढतात. परंतु चुकीचे कारण न कळल्यामुळे पुढील अर्जात तीच चूक पुन्हा होते. वस्तुतः हा विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा नव्हे. मराठीत ‘सोमवारपासून आजारी’ आणि ‘दोन दिवसांपासून आजारी’ ही दोन्ही वाक्ये एकाच ‘पासून’ने पुरी होतात, तोच नियम तो इंग्रजीस लावतो. इंग्रजीत मात्र तेथे दोन भिन्न शब्द योजावे लागतात.

‘सिन्स’ हा शब्द क्रिया कोणत्या क्षणी सुरू झाली ते दाखवितो. ‘फॉर’ हा ती किती काळ चालली ते दाखवितो. शहादा तालुका १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे, येथे ‘सिन्स’. तो पंचवीस वर्षांहून अधिक काळ या जिल्ह्यात आहे, येथे ‘फॉर’. आरंभ हा वार, महिना किंवा सनच असावा असे नाही. ‘दिवाळीपासून’, ‘सारंगखेड्याच्या यात्रेपासून’ या ठिकाणीही ‘सिन्स’च येतो.

ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ‘पासून’ काढून आधी ‘गेले’ किंवा ‘गेली’ लावून पाहावे. ‘गेले दोन दिवस तो आजारी आहे’ या वाक्याचा अर्थ कायम राहतो. म्हणून तेथे ‘फॉर’. ‘गेला सोमवार तो आजारी आहे’ असे कोणी म्हणत नाही. म्हणून तेथे ‘सिन्स’.

दुसरी अडचण क्रियापदाची. मराठीत ‘आजारी आहे’ हा साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत आजवर चालत आलेली स्थिती सांगताना ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ योजतात. म्हणून शुद्ध वाक्य ‘आय हॅव बीन इल फॉर टू डेज’ किंवा ‘आय हॅव बीन इल सिन्स मंडे’ असे होते. आजार बरा झाला असल्यास ‘आय वॉज इल फॉर टू डेज’ असे लिहावे.

शहादा तालुक्यातील अनेक बालकांची घरची बोली भिली, पावरी, अहिराणी किंवा गुजरी असते. त्यांना मराठीची कसोटी अवघड वाटल्यास फळ्यावर एक आडवी रेघ काढावी. रेघेच्या प्रारंभी ठळक टिंब देऊन तेथे ‘सिन्स’ लिहावे. संपूर्ण रेघेखाली ‘फॉर’ लिहावे. नंतर ‘तू या शाळेत केव्हा आलास?’ आणि ‘किती वर्षे झाली?’ असे दोन प्रश्न प्रत्येकास विचारून उत्तरे टिंबावर अथवा रेघेवर लिहून घ्यावीत. या शब्दांचे इतर अर्थ त्याच पाठात आणू नयेत.

वही तपासताना केवळ रेघ न ओढता समासात टिंब किंवा आडवी रेघ काढावी. त्या खुणेवरून विद्यार्थी आपली चूक स्वतः दुरुस्त करू शकेल, आणि इंग्रजी आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असा समज त्याच्या मनात रुजणार नाही.