गोवर गेला, तरी राखण उठलेली

उधाणाच्या रात्री खारबांधावर राखणदार जागा असतो. बांधाला खांड पडली की तो हाक देतो आणि सारा गाव फावडी-घमेली घेऊन धावतो. पण राखणदारालाच गाठून शत्रूने त्याचे तोंड बंद केले तर?

गोवर नेमका हेच करतो. शरीरातील पहारेकरी पेशी रोगजंतूची बातमी लढाऊ पेशींना देतात. गोवराचा विषाणू या दोहोंतही शिरतो. मग हाक पुरी पोचत नाही. जुन्या रोगांची ओळख ठेवणाऱ्या पेशीही मरतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या 77 मुलांचे रक्त तपासले, तेव्हा गोवरानंतर त्यांची जुनी 11 ते 73 टक्के प्रतिद्रव्ये गेल्याचे दिसले. म्हणून पुरळ मावळले तरी हगवण, न्यूमोनिया यांचे भय पुढे कित्येक महिने राहते.

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ येऊन बालके दगावली. आपली तर घरोघरची माणसे मुंबईला असतात!

तेव्हा मायभगिनींनो, ‘अंगावर येऊन जाऊ दे’ म्हणत घरी बसू नका. मूल आरोग्य केंद्रात दाखवा. तेथे अ जीवनसत्त्वही देतात. मुख्य म्हणजे गोवर-रुबेला लस चुकवू नका: पहिली नऊ महिने भरल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. ती मोफत मिळते.

गुरांचा बुळकांड्या हा गोवराचाच भाऊबंद. लशीच्या जोरावर 2011 साली तो जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. गोठ्यासाठी जे केले, ते पाळण्यासाठी नको का करायला?